चुकीच्या घरातले दादा

दुसऱ्याच्या घरात इतक्या हक्काने चुकणारा माणूस अख्ख्या नव्या मुंबईत झाला नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा इमारती एका साच्यातल्या, जिने सारखे, दारंही सारखी. त्यामुळे चुकायचे सगळेच. पण आम्ही जीभ चावून मागे फिरायचो. माझे शेजारी दादा मात्र टोपी खुंटीला अडकवून खुर्चीत बसायचे आणि त्या घरच्या बाईलाच विचारायचे, "हे कपाट खिडकीपुढं कुणी आणलं? उजेड अडतोय ना!" उजेड खरंच अडत असायचा. बायका हसत कपाट सरकवायच्या, चहा ठेवायच्या, आणि चहात आलं कमी पडलं तर तेही ऐकून घ्यायच्या. एकदा एका नव्या जोडप्याचं भांडण त्यांनी स्वतःच्या मुलासुनेचं समजून मिटवलं. ते दोघं पुढे सणासुदीला त्यांच्या पाया पडायला येऊ लागले.

हे किस्से रंगवून सोसायटीभर केले ते मीच. लोक अजून सांगून हसतात, म्हणून उरलेलंही सांगायला हवं. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, मला एकदा जिन्यात गाठून विचारलं होतं, "भावजी, यांचं काही बिघडलंय का हो?" मी म्हणालो, "काय टेन्शन घेता वहिनी! परवा मीच शेजारच्या बिल्डिंगमध्ये चपला काढून आत गेलो होतो." त्या हसल्या नाहीत, पण माझ्या शब्दावर विसंबून डॉक्टरकडे जायच्या थांबल्या. पुढे दादा एक दिवस थेट उरणच्या रस्त्याला चालत निघालेले सापडले, आणि मुलगा त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं म्हणू लागला.

वहिनींनी त्याला अडवलं आणि दादांना एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "आज वार कोणता, आजोबा?" बाईंनी विचारलं. दादा म्हणाले, "तुम्हालाच ठाऊक नाही? मग दवाखाना चालतो कसा?" बाई खळखळून हसल्या आणि मग वहिनींना म्हणाल्या, "हे वेड नाही, मेंदूचा आजार आहे. बरा होणार नाही. पण भोवती ओळखीची माणसं असली तर सुसह्य होईल."

वहिनींनी हेच दारोदार जाऊन सांगितलं. "हसा खुशाल, पण चहा झाला की घरी आणून सोडा." आणि अख्खा सेक्टर कामाला लागला! शेजारच्या शिरवणे गावची मासळीवाली तर "काका, चला, मना तुमच्याच दाराशी जायाचं हाय," म्हणत त्यांना घेऊन यायची, आणि दादा वाटभर तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडून तिचे बोंबील खपवायचे. मुलाने इस्पितळाचं नाव पुन्हा काढलं नाही.

शेवटी शेवटी एका दुपारी मी दादांना त्यांच्याच दारात आणून सोडलं. ते उंबऱ्यावर अडले. वहिनींना नमस्कार करून म्हणाले, "बाई, चुकून आलो. तुमचे मालक रागावणार नाहीत ना?"

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. "छे हो, फार भला माणूस आहे."

"मग बसतो थोडा वेळ," दादा म्हणाले.