त्यांच्या पश्चात

मास्तरकीत मी आधी ईटला होतो, मग माकणीला, शेवटी अणदूरला. प्रत्येक गावात शाळेबाहेरचं एक काम आपोआप माझ्याकडं यायचं. बौद्ध वस्तीत कुणी वारलं की जलदानाच्या दिवशी, म्हणजे सगळे सोयरेधायरे जमले की, उभं राहून गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं. आवाज खणखणीत होता. हातात कागद कधी घेतला नाही. कागद बघून बोलणाऱ्याला आमच्याकडं वक्ता म्हणत नाहीत, त्याची कीव करतात. विद्यार्थ्यांनाही मी हेच शिकवलं, पाठ करून या नाहीतर खाली बसा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत फिरायचो. बोधगया, सारनाथ, लुंबिनी, एकदा श्रीलंकाही. त्यावर दोन पुस्तकं लिहिली, ती बरी चालली. सत्कार झाले, घरात शालींचा ढीग लागला. त्यातल्या कितीतरी अक्कानं गल्लीतल्या बाळंतिणींना देऊन टाकल्या. शाल सगळ्यांनी घेतली, पण बाळ तिच्या मांडीवर कुणी दिलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. मी रांगत होतो तेव्हा आई गेली. अक्काला मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्यानं त्याच सुमारास दुसरी केली आणि हिला आमच्या दारात आणून सोडलं. दुसऱ्या दिवसापासून मला पाठीशी बांधून ती खुरपायला जाऊ लागली. तिनं मला वाढवलं, शिकवलं, आणि चुकलो की निरगुडीच्या फोकानं फोडूनही काढलं. पुढं माझी बदली होईल तिथं ती सोबत आली. नव्या गावातल्या बायका विचारायच्या, पोरंबाळं किती? ती म्हणायची, न्हाईत. मग बारशाचं, डोहाळजेवणाचं बोलावणं तिला चुकवून जायचं. धर्म बदलला आणि सगळं सुटलं असं कुणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. काही घाण आम्ही जुन्या घरातून बरोबर बांधून आणली.

निवृत्तीनंतर माझा घसा बसला. जन्मभराची खडूची धूळ असेल म्हणून काढे पीत राहिलो. शेवटी सोलापूरला स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर रुमाल बांधतो. बायकोशी पाटीवर लिहून बोलतो. अक्काला अक्षरओळख नव्हती, त्यामुळं तिच्याशी हातवारे. आयुष्यभर बडबड केलेला मी आणि ती, दोघं ओसरीवर नुसते बसून राहायचो.

एकदा शेजारच्या जलदानाहून आम्ही परत आलो. तिथल्या वक्त्यानं नेहमीसारखा शेवट केला होता, त्यांच्या पश्चात मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे. अक्का तांदूळ निवडत बसली. निवडता निवडता म्हणाली, "बारक्या, माझ्या येळंला तिथं काय म्हनतेत रं? माझ्यामागं कोन हाय म्हनतेत?"

मी पाटी ओढली. लिहिलं आणि बायकोकडं दिली. तिनं वाचलं, "त्यांच्या पश्चात एक मुलगा आहे. तो शिक्षक होता."

अक्काचा हात सुपात तसाच राहिला. "पुन्यांदा वाच," ती म्हणाली. बायकोनं पुन्हा वाचलं.

मी खुणेनं सांगितलं, पुढच्या पुस्तकात घालतो. ती चिडली. "पुस्तकात नगं. पुस्तक कोन ऐकतंय? ज्यांनी मला दारातनं म्हागं लावलं त्यांच्या म्होरं म्हना. चार मान्सांत. मंग म्या सुटले."

त्यानंतर ती हा विषय बोलली नाही. पण कुणाकडं मयत झाली की माझ्याकडं बघायची, आणि मी मान हलवायचो.

थंडी सरता सरता अक्का गेली. जलदानाला बोलायचं काम मी माकणीच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं दिलं. तोही आता शिक्षक आहे, बोलायला माझ्याच वर्गात शिकलेला, आवाज थेट माझ्यासारखा. त्याला कागद दिला आणि पाटीवर लिहून बजावलं, शेवटचं वाक्य जसंच्या तसं. त्यानं कागद एकदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "सर, अजिबात काळजी करू नका."

मांडव भरलेला होता. तिला बोलावणं न धाडलेल्या बायकाही पांढरी लुगडी नेसून आल्या होत्या. माझी बायको मागं भाताच्या पातेल्यांपाशी अडकलेली. तो उभा राहिला आणि अस्खलित बोलला. माझी पुस्तकं, श्रीलंका, माझी शिस्त. मग अक्का कष्टाळू, मनमिळाऊ. हे शब्द मीच कितीतरी लोकांसाठी वापरले होते, ते आता माझ्या अंगावर आले. कागदाला त्यानं हात लावला नाही. मग आवाज जड करून म्हणाला, "अक्कांना मूलबाळ नव्हतं. पण सरांनी या निराधार बहिणीला शेवटपर्यंत सांभाळलं. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं."

मी उठलो. तोंड उघडलं. गळ्यातून नुसता वारा आला. त्याच्या खिशाकडं बोट करत पुढं सरकलो, तेवढ्यात दोघांनी दंड धरले. "सरांना भरून आलं," कुणीतरी म्हणालं. मला खाली बसवलं, पाणी दिलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, तेही माझ्यासाठी.

त्यानं दोन मिनिटं स्तब्ध राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. एवढ्या माणसांत फक्त माझ्या रुमालाखालची घरघर ऐकू येत होती.

राग आला, तो अजून गेलेला नाही. पोरगा बोलला मात्र छान, जेवताना सगळे तेच म्हणत होते. मांडव उठला, माणसं आपापल्या गावी गेली. ती पुन्हा अक्कासाठी जमणार नाहीत. माझ्याकडं आता ही पाटी आणि कागदच आहे. म्हणून तिला नको होतं तिथंच लिहितो. अक्का गेली. तिच्या पश्चात एक मुलगा आहे.