कोरा रकाना

एकसष्टाव्या वर्षी मी परीक्षेत नापास झाले. आणि मला नापास करणारी बाई डॉक्टर नव्हती की प्राध्यापक नव्हती. आमच्याच हॉस्पिटलची जुनी टेलिफोन ऑपरेटर होती. आता बोला!

मी मनोविकारतज्ज्ञ. दूरच्या एका गावात आमच्या हॉस्पिटलची शाखा होती. दर पंधरा दिवसांनी तिथे जाऊन मी पेशंट तपासायची. ती शाखा महिनाअखेर बंद होणार होती. तिथल्या पेशंटना यापुढे व्हिडिओ कॉलवरच तपासायचं, आणि ज्यांनी त्याचं प्रशिक्षण घेऊन चाचणी पास केली त्यांनीच तपासायचं, असा हुकूम निघाला. मी म्हटलं, अहो, तेहतीस वर्षं हेच करतेय, केस काही उन्हात पांढरे नाही केले. पण ऐकतो कोण?

खरं सांगायचं तर मी सरळ घरी बसले असते. अडकले ते मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे लेथ मशीन शिकवणारे एक निवृत्त शिक्षक, अकरा वर्षं माझ्याकडे येणारे. पहिले सहा महिने हा माणूस "बरंय" याखेरीज एक शब्द बोलला नव्हता. शाखा बंद होतेय हे कळल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, दुसऱ्या कुणाला मी पुन्हा पहिल्यापासून सांगणार नाही. तुम्ही असाल तर बोलेन. नाहीतर राहू दे."

ते 'राहू दे' मला अजिबात आवडलं नव्हतं. म्हणून मी नाक मुठीत धरून प्रशिक्षणाला बसले.

वर्ग जुन्या प्लास्टररूममध्ये भरायचा. शिकवणारी माझ्या मुलीच्या वयाची. पहिला धडा काय, तर पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, वरच्या कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघायचं. म्हणजे पेशंटकडे बघितलं की पेशंटला वाटणार आपण बघत नाही, आणि नाही बघितलं की वाटणार, बघतायत! घरी नवऱ्यावर सराव केला. तो दुसऱ्या खोलीत फोन घेऊन बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, मला बायकोचा फार त्रास आहे." मी ठिपक्याकडे बघत विचारलं, "किती दिवसांपासून?" तर म्हणतो, "सदतीस वर्षं. आज पहिल्यांदाच ती माझ्याकडे नीट बघतेय."

चाचणीसाठी खोटी पेशंट असायची, ती म्हणजे टेलिफोनबाई. सगळं हॉस्पिटल त्यांना त्याच नावाने ओळखायचं. सत्तावीस वर्षं त्यांनी एक्स्चेंज सांभाळलं. एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नसत. बदली होऊन गेलेल्या सर्जनने बारा वर्षांनी फोन केला, तर "हॅलो" म्हणताक्षणी यांनी विचारलं होतं, "सर, गुडघा कसा आहे?" पुढे एक्स्चेंज गेलं, आपोआप जोडणारं यंत्र आलं, आणि बाईंना चादरी मोजायला पाठवायचं घाटत होतं. तेवढ्यात प्रशिक्षणात पेशंटचे संवाद वाचायला कुणीतरी हवं होतं. त्या एक दिवसासाठी आल्या आणि तिथल्याच झाल्या.

माझ्या चाचणीला त्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत बसल्या, मी प्लास्टररूममध्ये. अंगावर शाल, हातात कप. झोप नाही म्हणाल्या, भूक नाही म्हणाल्या. मी असे काही छान प्रश्न विचारले, की माझं मलाच कौतुक वाटत होतं. बाराव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "राहू दे, डॉक्टर." आणि पडदा काळा झाला.

शिकवणारी म्हणाली, "मॅडम, आता मदत पाठवा. कुठे पाठवाल?"

मी फाइलमधला पत्ता वाचला.

"तिथे कुलूप आहे. ती चार दिवसांपासून बहिणीकडे राहतेय."

"ते मला कसं कळणार?"

"विचारलं असतंत तर कळलं असतं."

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत पहिल्या पानावरच लिहिलं होतं ते. कॉल लागला की आधी दोन गोष्टी विचारायच्या, आत्ता कुठे बसला आहात आणि जवळच्या एका माणसाचा नंबर. मी ते कारकुनी काम समजून पान उलटलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! पण चूक कबूल करेन तर मी कसली? मी भडकले. "अकरा अकरा वर्षांच्या पेशंटला मी पत्ता विचारू? घरच्या जावयाला नाव विचारण्यातला प्रकार झाला हा!"

बाई दारात येऊन उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "विचारायचं. दर वेळी विचारायचं."

आठ दिवसांनी दुसरी संधी होती, आणि तीच शेवटची.

राग दोन दिवस टिकला. मग त्याच्या जागी कुतूहल आलं, आणि ते काही केल्या जाईना. मी रोज मागच्या खुर्चीवर बसून इतरांच्या चाचण्या बघायला लागले. बाईंकडे पंधरा पेशंट होत्या. एक सारखी दाराकडे बघायची, एक कप दोन्ही हातांनी धरायची, एक दर वाक्यानंतर उगाच हसायची. कपाटात तीन चष्मे, शाल आणि एक शाळेचं दप्तर. सगळ्या बायकाच, पुरुष एकही नाही. आणि प्रत्येकीचा कॉल "राहू दे" म्हणूनच तुटायचा. मी शिकवणारीला विचारलं, तर ती म्हणाली, "संहितेत नाही ते. बाई स्वतःच घालतात."

मला राहवेना. दुपारी डबा घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. "बाई, एवढ्या बायका आणता कुठून?"

"येतात."

"आणि सगळ्यांचं 'राहू दे'?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "एकोणीस वर्षं झाली. अशीच दुपार. एका बाईचा फोन आला. मनाच्या डॉक्टरांशी बोलायचंय म्हणाली. मी म्हटलं, धरून ठेवा. डॉक्टर राउंडला होते. वॉर्डात वाजवलं, ओपीडीत वाजवलं, कुणी उचलेना. परत तिला म्हटलं, धरा हं, जोडतेच. तर म्हणाली, राहू दे. आणि ठेवला."

"मग?"

"मग काय? रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. नाव, पत्ता, दोन्ही रकाने कोरे. मी विचारलंच नव्हतं. कदाचित ती उठून चहा करायला गेली असेल. आज नातवंडं खेळवत असेल. मला कुठे माहीत? म्हातारी होती की पोरगी, एकटी होती की भरल्या घरातली, काही काही माहीत नाही. म्हणून अशी करून बघते, तशी करून बघते."

म्हणजे पंधरा नव्हत्याच. ती एकच बाई होती.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या विभागात डॉक्टर दोनच होते, आणि त्यातली एक मी. पुढचा प्रश्न ओठांवर आला होता. माझी हिंमत झाली नाही.

दुसरी चाचणी मी पास झाले. फुशारकी मारण्यासारखं त्यात काही नाही. पहिल्याच वाक्यात पत्ता विचारला, एवढंच.

पुढच्या आठवड्यात मास्तरांचा पहिला कॉल. पडद्यावर त्यांचं अर्धं कपाळ आणि मागे भिंत.

"मास्तर, आधी सांगा, आत्ता कुठे बसला आहात?"

ते चिडले. "अकरा वर्षांनी पत्ता विचारता?"

"विचारते. आणि दर वेळी विचारणार."

मी ठिपक्याकडे बघत बसले. मग ते म्हणाले, "घर सोडलं, डॉक्टर. दीड महिना झाला. जुन्या वर्कशॉपच्या मागे एक खोली घेतलीय. मुलीलाही सांगितलेलं नाही."

माझ्या फाइलमध्ये जुनंच घर होतं.

"शेजारी कोण आहे?"

"घड्याळं दुरुस्त करणारा एक आहे. कधी बोललो नाही त्याच्याशी."

"त्याचा नंबर हवाय मला."

"आत्ता?"

"आत्ता. मी थांबते."

पाच मिनिटं मी रिकामी खुर्ची बघत होते. लांबून दार ठोठावल्याचा आवाज आला, मग दोन पुरुषांचं बोलणं, आणि शेवटी एकाचं हसणं. मास्तर परत आले ते चिठ्ठी घेऊन. त्यांनी नंबर सांगितला, मी लिहिला, परत वाचून दाखवला. मग आम्ही पाऊण तास बोललो.

कॉल संपल्यावर मी व्हरांड्याच्या टोकाला गेले. बाई शालीची घडी घालत होत्या. "पत्ता घेतलात?"

"तुम्हाला सांगता येणार नाही, तो पेशंटचा. पण रकाना भरलाय."

"वाचता येईल असा? तुम्हा डॉक्टरांचं अक्षर!"

"ठळक लिहिलाय."

त्या हसल्या. आणि मग मी विचारूनच टाकलं. "बाई, त्या दुपारी राउंडला मी होते का हो?"

त्यांनी शाल कपाटात ठेवली, दार लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, डॉक्टर. आता नाही आठवत."