स्टुलावर बसवलेली बाई

"पाय नीट बघा. भेगा दिसल्या पाहिजेत कागदावर," मॅडम म्हणाल्या.

ते पाय माझ्या आईचे होते.

बेव्हर्ली पार्कमधल्या एका बिल्डिंगमधला ड्रॉइंग क्लास. मी आठवीत. आई आधी मिठागरात होती, मग त्याच बिल्डिंगचे जिने झाडायची. क्लासमध्ये मी सांगितलं होतं, आई घरीच असते. त्या रविवारी मॅडमनी तिला जिन्यावरून आत बोलावलं. मॉडेल हवं होतं. नाव विचारलं नाही. स्टुलावर बसवलं, पदर सारखा केला, हनुवटीला धरून मान वळवली.

आईनं मला पाहिलं. मग खिडकीकडे बघत राहिली.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ब्लॅक पेन्सिल खतम हो जाएगी."

सगळे हसले. मॅडमही. मीही हसले.

तासभर आई हलली नाही. मी तिचे पाय काढले, एकेक भेग. माझंच चित्र सगळ्यात चांगलं ठरलं. मॅडमनी ते भिंतीवर लावलं.

घरी आई भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी वलख दाविली न्हाय. न्हायतर तुजा क्लास सुटल."

मी जेवले.

पुढच्या रविवारी मॅडम ते चित्र स्पर्धेला पाठवत होत्या. म्हणाल्या, "खाली लिही, कामवाली बाई."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"ही माझी आई आहे," मी म्हणाले.

मॅडम ओशाळल्या. "अगं, आधी सांगायचंस ना. हिला बसवलं नसतं."

म्हणजे दुसऱ्या कुणाच्या आईला बसवलं असतं. तसंच, नाव न विचारता. तेवढं मला तिथल्या तिथे कळलं. मी चित्र काढून घेतलं आणि बाहेर पडले. परत गेले नाही.

लोकांना यात माझं धाडस दिसतं. त्यासाठी मला आठ दिवस लागले, आणि त्याआधी मी हसले होते, हे मी सांगितल्यावरही.

आईची माफी मी कधी मागितली नाही. मागितली असती तर तिनं लगेच दिली असती. मला तशी सुटका नको होती. आता ती नाही.

आज मी चित्रकला शिकवते. समोर बसणाऱ्या माणसाला मुलं आधी स्वतःचं नाव सांगतात, मग त्याचं विचारतात. हात लावायचा तर परवानगी घेतात. एका शाळेत वरिष्ठ म्हणाले, यात वेळ जातो. ती शाळा मी सोडली. पुढचीही सोडीन.