अर्धी पट्टी वर

ज्या माणसामुळे मी पदवीधर झालो, त्याचं एकुलतं एक रेकॉर्डिंग माझ्यामुळे बिघडलं. हे मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही.

तो माणूस म्हणजे चाचा, वडिलांचे दोस्त. ते दिग्रसच्या एका बँड पार्टीत सॅक्सोफोन वाजवायचे आणि माझे वडील त्याच बँडमध्ये साइड ड्रम. माझी दहावी झाली तशी वडिलांनी माझ्यासाठी बँडचा लाल कोट शिवायला टाकला. चाचा स्वतः टेलरकडे गेले आणि कापड परत घेऊन आले. वडिलांना म्हणाले, "ड्रम बडवणारे लय हायेत गावात. याले कॉलेजात टाक." पुढे यवतमाळच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला वडिलांचा धीर झाला नाही, तेव्हा माझ्यासोबत चाचाच एस.टी.नं आले. खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, "वडील काय करतात? बाजेवाले का?" चाचा म्हणाले, "वादक लिवा साहेब. याचा बाप अन् मी, दोघंही." आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्या खिडकीपाशी चाचा नसते, तर मी रांगेतूनच परत आलो असतो.

वरातीत अख्खा बँड वाजतो, पण आमच्याकडे बिदाईला ढोल-ताशे बंद ठेवायची रीत होती. मुलगी गाडीत बसेपर्यंत एकटे चाचा वाजवायचे. त्यासाठी त्यांनी सहा चाली स्वतः बांधल्या होत्या. नवरीकडचे लोक लग्नाची तारीख धरतानाच सांगायचे, "बिदाईले चाचा पाहिजे, दुसरा कोणी नको." मग डीजे आला. बिदाईसुद्धा पेनड्राइव्हवर होऊ लागली. चाचा बाराही महिने शिलाई मशिनी दुरुस्त करू लागले आणि सॅक्सोफोन कपाटावर गेला.

मी शाळेत नोकरीला लागल्यावर एकदा त्यांना फोनवर परदेशातलं एक वादन दाखवलं. सॅक्सोफोनवाला मधे उभा आणि त्याच्यामागे तीस-चाळीस व्हायोलिन. चाचांनी फोन कानाला लावून सगळं ऐकलं, मग पुन्हा लावायला सांगितलं.

"पाह्य," ते म्हणाले, "याले कोणी मागून ढकलून नाही राह्यलं. ना घोडा, ना नाचणारे. व्हायोलिन त्याच्यासाठी रस्ता करून देऊन राह्यले, अन् हा आरामात चालून राह्यला."

"तुमचंही असं करू चाचा. सहाही चालींचं."

"मायं? अरे, तोंडात पाह्य." त्यांनी ओठ वर केला. वर्षानुवर्षांच्या तंबाखू-खर्‍यानं हिरड्या गेल्या होत्या. "वरचे दोन पेन्शनीत गेले. चार ड्युटीवर हायेत, तेही अर्ज देऊन बसले."

सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांवर टेकवून धरावं लागतं. दातांच्या डॉक्टरांनी समोरचे चारही काढायला सांगितले होते. चाचांनी त्यांच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. महिन्यानंतर वाजवता येईल की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. म्हणजे जे व्हायचं ते त्या महिन्यातच.

मी धावपळ केली. यवतमाळला एक स्टुडिओ शोधला. चाचांच्या चाली थेट फोनवरून नागपूरच्या एका व्हायोलिनवाल्याला ऐकवल्या. तो त्यावर व्हायोलिनचे भाग लिहिणार आणि आणखी तिघांना घेऊन येणार होता. चौघांचं वादन पाच वेळा घेऊन एकमेकांवर ठेवलं की वीस व्हायोलिन वाटतात, असं रेकॉर्डिंग करणार्‍यानं मला समजावलं. नागपूरहून फोन आला, "तुमचा सॅक्सोफोन सुराला थोडा वर आहे. तेवढं बघून घ्या." मला त्यातलं काही कळलं नाही. मी म्हणालो, "हो सर, बघतो." मोठ्या माणसांना हो सर म्हणायची सवय मला शाळेपासूनची. मी काहीही बघितलं नाही.

भानगड अशी होती. चाचांचा सॅक्सोफोन त्यांच्या वडिलांच्या वेळचा, जुन्या पलटणी बँडचा. त्याचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध बसायचा. आमच्या बँडनं क्लॅरिनेट, ट्रम्पेट सगळं त्याच्यावरच जुळवून घेतलेलं, त्यामुळे पन्नास वर्षांत कोणाला काही खटकलं नव्हतं. स्टुडिओत मात्र पहिल्याच सुराला चारही व्हायोलिनवाल्यांनी माना वर केल्या.

"हे अर्धी पट्टी वर आहे," त्यांचा म्होरक्या मला म्हणाला. तो चाचांकडे बघतच नव्हता. "मी फोनवर सांगितलं होतं."

चाचा म्हणाले, "मंग तुमी थोडे वर या ना साहेब. तारा हायेत तुमच्या."

खोलीत कोणीतरी हसलं. म्होरक्या म्हणाला, "आम्ही नागपूरहून बाजेवाल्याच्या सुरावर लावायला आलो का? वाद्याचा सूर जगात सगळीकडे एकच असतो."

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. चाचाही. रेकॉर्डिंग ठरवलं होतं मी, शिकलेला होतो मी. त्या लोकांच्या हातात सुरांचे छापील कागद होते. चाचांच्या हातात होतं मुलामा उडालेलं एक जुनं वाद्य. मला वाटलं, कागद आहे तिकडेच बरोबर असणार.

मी म्हणालो, "चाचा, तुम्हीच खाली या. ते शिकलेले लोक आहेत."

सॅक्सोफोनचा सूर उतरवायचा तर त्याचं तोंड नळीवरून बाहेर ओढावं लागतं. चाचांनी ते इतकं ओढलं की जेमतेम टोकावर राहिलं. हलू नये म्हणून त्याखाली कागदाची पट्टी गुंडाळली, तरी ते डुलतच होतं. मग ते जागेवर ठेवायला एकच उपाय उरला, दातांनी घट्ट धरणं.

पहिली चाल कशीबशी झाली. तोंड ओढलं की वरचे सूर जास्त उतरतात आणि खालचे कमी, त्यामुळे प्रत्येक सूर ओठांनी ओढून जागेवर आणावा लागत होता. दुसर्‍या चालीला त्यांच्या कपाळावर घाम होता. तिसरी सुरू झाली आणि मधेच थांबली. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी जवळ गेलो तर हातातल्या रुमालावर रक्त होतं आणि रुमालात दात.

"थांबवू का?"

"त्याईचं घेऊन घे," ते म्हणाले. "दूरून आले."

व्हायोलिनवाल्यांनी सहाही चाली वाजवल्या. फार सुंदर वाजवल्या, हे खोटं कशाला सांगू. चारच्या गाडीनं ते गेले. जाताना म्होरक्यानं माझ्याशी हात मिळवला.

सॅक्सोफोनच्या दोन चाली हाती आल्या, त्याही बेसूर. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, "काळजी करू नका सर, मशीनवर सरळ करतो." त्यानं एकेक सूर पकडून जागेवर बसवला. आठवड्यानं मी ते दिग्रसला नेऊन चाचांना ऐकवलं. तोवर डॉक्टरांनी त्यांचे उरलेले तीनही दात काढले होते आणि तोंड सुजलेलं होतं.

त्यांनी दोन्ही चाली शेवटपर्यंत ऐकल्या.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "कोण वाजवून राह्यला?"

मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. नंतर कवळी बसवली, पण ती सॅक्सोफोनच्या थरथरीनं जागची सरकते. दोन महिने त्यांनी रोज सकाळी खटपट केली, मग ती सोडून दिली.

यंदा आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक पाहुणे शिक्षक व्हायोलिन घेऊन आले होते. आमची पेटी जुनी, सुराला वर चढलेली. त्यांनी पेटीचा एक सूर धरायला सांगितला, खुंट्या पिळल्या, दोनदा गज फिरवला आणि म्हणाले, "चला." चहाचा कप संपायच्या आत.

मी विचारलं, "सर, व्हायोलिन अर्धी पट्टी वर चढवता येतं का?"

"आत्ता काय केलं मी?" ते हसून म्हणाले.

पुढच्या रविवारी मी दिग्रसला गेलो. चाचा एका मशिनीत तेल सोडत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते दोन मिनिटांचं काम होतं, त्या लोकांनी घमेंडीपायी केलं नाही, आणि मला कळत नसताना मी त्यांची बाजू घेतली.

"मले मालूम होतं," चाचा म्हणाले. "आमच्या बँडात एक व्हायोलिनवाला होता पहिले. रोज चढवे."

"मग बोलले काहून नाही तुम्ही? भांडले काहून नाही?"

"भांडलो असतो." त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "पण तू त्याईच्यासमोर असा उभा होता बेटा, जसा हेडमास्तरपुढं. त्याईले खोटं पाडलं असतं तर तू खोटा पडला असता. म्हटलं, एवढा शिकवला पोराले, आता चार लोकांत त्याची इज्जत कायले काढा?"

त्यांनी रागावावं म्हणून मी गेलो होतो, हे मला तेव्हा कळलं. ते रागावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

"ते व्हायोलिन हाय का अजून? ज्याच्यात मी नाही ते?"

"आहे. चार चालींचं नुसतं व्हायोलिन आहे. सांभाळून ठेवलंय."

"पुसून टाक."

"चाचा, फार चांगलं वाजवलंय त्यांनी."

"म्हणूनच. माया चाली, अन् मले बाजूले ठेवून. नाही पाहिजे. ते मशीनवालंही पुस."

मी त्यांच्यासमोर फोन काढला आणि एकेक करून सहाही पुसल्या. ते पाहत होते.

"अजून कोठी हाय?"

"शाळेच्या कॉम्प्युटरवर."

"तेथूनही."

सोमवारी शाळेत गेल्यावर प्रार्थनेआधी मी तेवढं काम केलं.