मुठीवरचं कापड

आमच्या शेजारचे कापडवाले नवं कापड आधी चिमटीत धरत, मग त्यातला एक धागा ओढून जाळत आणि त्याचा वास घेत. गिऱ्हाईक समोर असलं तरी सांगून टाकत, "निव्वळ सुती न्हाय हे, मिसळ हाय." गिऱ्हाईक उठून गेलं तरी त्यांना चाले. मला त्यांच्या नाकाची थोडी भीतीच वाटे.

त्यांचा धाकटा भाऊ नायजेरियात शिक्षक होता. तो तिकडेच वारला आणि त्याच्या सामानातून एक जुनी तलवार आली. खंडेनवमी जवळ आली तशी त्यांनी मला हाक मारली. "तू इंग्रजी शाळेतली. कुठली हाय, कशाची हाय, बघ की पुस्तकात."

लायब्ररीतल्या पुस्तकात तशीच तलवार सापडली. ते घेऊन मी त्यांच्या घरी गेले.

"उत्तर नायजेरियातल्या हौसा लोकांची आहे," मी सांगू लागले. "पातं लोखंडाचं, मुठीचं टोक पितळेचं, आणि मुठीवर..."

पुढचा शब्द चामडं होता. समोर त्यांची म्हातारी आई कान देऊन बसली होती. तिला नीट दिसत नसे, पण चामड्याचं पाकीटसुद्धा ती देवघरात येऊ देत नसे.

"मुठीवर काय गं? नवमीला देवापुढं ठेवायची हाय, माझ्या लेकाची."

कापडवाल्यांनी माझ्याकडे न बघता तलवार उचलली. तांबडी मूठ चिमटीत धरून अंगठ्याने चोळली. नाकाजवळ मात्र नेली नाही.

"कापड गुंडाळलंय, अव्वा. चांगलं सुती हाय."

"तू म्हणतोस म्हंजे असणारच," म्हणत म्हातारीने दोन्ही हात पुढे केले.