हळू फिरवलेली पट्टी

गेल्या महिन्यात एका सकाळी मेहरूणच्या माझ्या घरी शामराव आला आणि ओट्यावर न बसता उभ्यानेच म्हणाला, "भाऊ, आई गयी." शामराव हा द्वारकाअक्कांचा धाकटा मुलगा. भडगावच्या पुढे गिरणाकाठी त्यांचं गाव. तेरावं उरकून तो मुद्दाम जळगावला आला होता आणि त्याच्या हातात पितळेचा लहानसा डबा होता. डब्यात काय असणार ते मला ठाऊक होतं. मी तो उघडला नाही. चहा केला, अक्कांचं शेवटचं दुखणं विचारलं... आणि डबा चुलीपासून लांबच्या कोनाड्यात ठेवून दिला.

या पुरवणीचे वाचक सिनेमाचे शौकीन आहेत. कुठल्या बोलपटातली नटी कशी गाते यावर इथे हमरीतुमरीवर येऊन पत्रं लिहिली जातात. मला मात्र अशा एका चित्रपटाविषयी लिहायचं आहे, जो तुमच्यापैकी बहुधा कोणी पाहिलेला नाही. वीस वर्षांपूर्वी मी शेतकी खात्याच्या सिनेमाच्या मोटारीवर होतो. सिनेमे अजून मुके होते. आमच्या पेटीत सात-आठ लहान चित्रपट असायचे: केळीची लागवड, विहिरीचं पाणी कसं राखावं, धुळ्याचा गुरांचा बाजार, देवीची लस. लशीच्या चित्रपटात डॉक्टरच्या मागे एक शेळी खाटेवरची गोधडी चघळत उभी असे. सगळं गाव डॉक्टरला सोडून त्या शेळीकडेच बघायचं आणि कोणीतरी ओरडायचं, "अरे, हाकला ना तिले!" मला ते चित्रपट फार आवडत. काढणाऱ्याला जे दाखवायचं नव्हतं तेच त्यांत जास्त दिसायचं.

त्यातलाच एक कापूस स्वच्छ कसा वेचावा याचा होता आणि तो अक्कांच्याच शेतात घेतलेला होता. वेचणाऱ्या बायकांत त्यांची थोरली लेक मथुरा, घरची मथी, होती, माहेरपणाला आलेली. कापसानं ओटी भरलेली मथी ओळीतून समोर येते, कॅमेरा दिसताच थबकते, हसते, पदर दातात धरते आणि डावीकडे निघून जाते. बस्स, एवढंच. पुढच्या वर्षी ती धुळ्यापलीकडे सासरी बाळंतपणात गेली. निरोप पोचेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. अक्कांना लेकीचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या गावात मी तो चित्रपट दाखवला तेव्हा बायकांच्या घोळक्यातून एक बाई उभी राहिली, एवढंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी तीच बाई चार कोस चालत पुढच्या गावी हजर! खेळ सुरू व्हायच्या आधी मशीनजवळ आली.

"भाऊ, ती मन्ही पोर शे. तिले इतली घाई कसाले? जराखं हळू फिराव ना."

आमचं मशीन हातानं फिरवायचं होतं. हात हळू झाला की पडद्यावरची माणसंही हळू चालायची. पण मागचा दिवा इतका तापायचा, की चित्रपटाची पट्टी त्याच्यापुढे रेंगाळली तर पेट घ्यायची. हे मला पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. तरी मी हात हळू केला. मथी सावकाश आली, सावकाश हसली, अक्कांनी पदर तोंडाला लावला. त्यानंतर आसपास कुठेही कापसाचा चित्रपट असला की अक्का पुढे येऊन बसायच्या आणि मी हात हळू करायचो. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली. गेलेल्या लेकीला आईसाठी धरून ठेवणारा हात आपला आहे, याची मला घमेंड वाटायची.

भडगावला बाजाराच्या दिवशी दिवेलागणीनंतर खेळ होता. त्या दिवशी मी नेहमीपेक्षाही हळू फिरवलं. मथीचा हसरा चेहरा जवळजवळ थांबला. अक्का उभ्या राहिल्या. आणि मथीच्या गालावर एक तपकिरी डाग उमटला. तो फुगला, पसरला, मधोमध भोक पडलं आणि पडदाभर नुसता पांढरा उजेड उरला. मी ओलं पोतं टाकून आग विझवली, कोणाला इजा झाली नाही. पण आपल्याकडे बायका मसणात जात नाहीत. अक्कांनी लेकीची चिता पाहिली नव्हती. ती मी त्यांना दाखवली.

अक्का पदर सावरून चालू लागल्या. मी मागे धावलो आणि म्हणालो, "अक्का, पट्टी जुनी झाली होती हो." साहेबांना लिहिलेल्या कागदातही तेच लिहिलं. नोकरी वाचली.

पट्टी जळाली की जळका भाग कापून दोन्ही टोकं जोडायची, असा आमचा शिरस्ता. त्यामुळे चित्रपटातून मथी गेली. कापसाची ओळ दिसे आणि एकदम वजनकाटाच येई. कापलेल्या भागाच्या टोकाला हातभर पट्टी शाबूत होती. ती घेऊन मी अक्कांच्या घरी गेलो. त्यांनी ती उन्हात धरली. एकीखाली एक, नखाएवढ्या मथी... पदर दातात धरलेल्या. अक्का बराच वेळ बघत राहिल्या.

"चालत नही ती," एवढंच म्हणाल्या आणि पट्टी डब्यात ठेवली.

पुढे मी दरवर्षी त्यांच्याकडे जात राहिलो. खरं सांगायचं म्हणूनच जायचो आणि भाकरी खाऊन परत यायचो. गेल्या दिवाळीनंतरची भेट शेवटची. त्यांनी विचारलं, "भाऊ, ते मशीन शे का आते?" मी म्हणालो, "नाही अक्का, आता सगळं विजेवर चालतं. हातानं फिरवावं लागत नाही." "बरं शे," त्या म्हणाल्या. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

शेवटी त्या सकाळी शामराव चपला घालत असताना ते माझ्या तोंडून निघालं. "शाम, पट्टी जुनी नव्हती. हळू फिरवली तर जळते हे मला माहीत होतं."

घातलेली चप्पल काढून तो पुन्हा आत आला. "आईले माहीत व्हतं, पट्टी जुनी नव्हती ते. ती म्हने, मीच हळू फिराव सांगं, मीच मन्ही पोरले जाळं. भाऊ बिचारा मन्हाकरता खोटं बोलना."

मी नोकरीसाठी खोटं बोललो होतो आणि अक्कांनी ती माझी दया समजून वीस वर्षं ते पाप स्वतःच्या पदरात बांधून ठेवलं. "अक्का, आग लागते हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला होतं." एवढं एक वाक्य बोललो असतो तर त्या सुटल्या असत्या. मला त्याची फार लाज वाटते.

जाताना शामरावनं निरोप सांगितला. डबा माझ्याकडे द्यायला अक्कांनीच सांगितलं होतं. "भाऊले सांग, एक डाव तिले चालाडी दे. आते हळू नको. जाऊ दे तिले."

इथल्या थिएटरातला मशीनवाला माझ्या ओळखीचा आहे. दुपारी रिकाम्या पडद्यावर तो ही हातभर पट्टी लावून देईल. डोळ्याचं पातं लवेपर्यंत मथी डावीकडे वळेल आणि संपेल. मी अजून त्याच्याकडे गेलेलो नाही. रोज सकाळी डबा उघडतो आणि पट्टी खिडकीच्या काचेवर धरतो. अक्कांच्या अंगठ्यानं घासून घासून मधल्या काही मथींचे चेहरे पुसले गेलेत. बघता बघता माझ्या उजव्या हाताची मूठ वळते आणि हवेतच फिरायला लागते. आज भरभर फिरवायचं, असं मी रोज ठरवतो. हात हळूच फिरतो.