घाटावरचा परका घास

ओल्या दगडाचा, तेरड्या-झेंडूच्या कुजत्या पाकळ्यांचा आणि कुणीतरी नुकत्याच विझवलेल्या उदबत्तीचा असा एक मिश्र वास गोदाकाठच्या सकाळीला असतो. थंडीत तो अधिकच दाट होतो. त्या वासात बसून, मांडीवर डबा उघडून, आम्ही दोघे दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो. एका लग्नाहून परतताना नाशिकला गाडी बदलायची होती आणि मध्ये अर्धा दिवस मोकळा होता. सामान स्टेशनवर ठेवून, शहर बसने येऊन, काही विकत न घेता नाशिक पाहायचे, हा वसुधाचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, बेत. काटकसरीलाही एक मिरवणूक असते; आम्ही ती डब्यासकट काढली होती.

घाटावर वरपासून खालपर्यंत फलक लागले होते. पुढाऱ्यांचे हात इतक्या भक्तिभावाने जोडलेले, की नदीच त्यांच्या दर्शनाला आली असावी! मी अशा शेऱ्यांचा शौकीन. वसुधा हसत होती आणि दशमीचे तुकडे कावळ्यांना टाकत होती. एकाचे चार झाले, चाराचे दहा. काळ्याभोर पंखांवर कोवळे ऊन निळसर चमकत होते. ऐटबाज पाखरू आहे हो हे, तुम्ही कधी निरखून पाहिले आहे?

चार पायऱ्या खाली दहाव्याचा विधी चालला होता. सिन्नरकडचे शेतकरी कुटुंब असावे. भाताचा पिंड मांडून सगळे मागे सरले होते आणि आकाशाकडे पाहत होते. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली. नाही शिवला तर काहीतरी अडले आहे, आणि मग जिवंतांनी ते ओळखून मोठ्याने कबूल करायचे. "आण्णा, धाकटीचं लगीन आम्ही करू," एकजण म्हणाला. "आण्णा, बैल इकणार नाय." पिंड तसाच. मृताशी चाललेल्या या वाटाघाटींवर माझ्या मनात एक चुरचुरीत वाक्य तयार झाले, आणि ते वसुधाला सांगायला मी वळलोही.

तेवढ्यात एक वयस्क बाई, आण्णांची बहीण, कडाडली, "इच्छा कशाची ऱ्हाईल? पोटाचीच. सुनंनं शेवटाला धड जेऊ घातलं आसंल, तर ना!"

सगळ्या माना एका तरुण बाईकडे वळल्या. "आत्याबाई, आवो भरवत व्हते मी त्यांना," ती म्हणाली. "तोंडात धरत नव्हते, तर काय करू?"

"मंग कावळा का येईना?"

का येईना! कावळे आमच्यापाशी होते. वसुधाचा हात हवेतच थांबला. तिने घाईने डबा झाकला, हुश्श हुश्श केले; पण चटावलेले पाखरू काय ऐकणार? एका स्त्रीच्या साऱ्या सेवेचा निकाल लागत होता आणि तिच्याविरुद्धचा पुरावा आम्ही तुकड्या-तुकड्याने जमवत होतो.

ती सूनच वर आली. रागावली नव्हती. "ताई, तुमच्याकडचे कावळे सोडता का जरा?"

वसुधाला काय वाटले कोण जाणे, तिने राहिलेली अख्खी दशमी तिच्या हातावर ठेवली. "ही ठेवा पिंडावर. येतील." सुनेने ती ठेवली, आणि मागे सरायच्या आतच कावळा झेपावला. "शिवला! शिवला!" घाटभर सुटकेचा श्वास पसरला. कुणी डोळे पुसले. मलाही हायसे वाटले, हे कबूल करतो.

मग आत्याबाईंनी पदर खोचला. "बघितलं? परक्या बाईच्या हातचं गोड लागलं त्याला. घरचा भात नाय शिवला."

मी खाली उतरलो. जन्मभर ज्या तर्काने लोकांची थट्टा केली, तो कुणाच्या कामी यावा अशी हीच एक वेळ होती. "आजी," मी म्हणालो, "सकाळपासून कावळ्यांना आम्ही चारत होतो. त्यांना दशमीची चटक लागली. यात सूनबाईंचा काय दोष?"

"आवो पाव्हणं," आत्याबाई माझ्याकडे पाहून मायेने हसल्या, "तुम्ही भाईरचे, तुम्हाला नाय कळायचं. आण्णानंच तुम्हाला धाडलं हितं. लय पुण्य लागंल बघा तुम्हाला." आणि त्यांनी वसुधाच्या पायांना हात लावला. त्यांच्यामागून बाकीच्या बायका आल्या. वसुधा पाय मागे घेत होती, "अहो, नको, नको" म्हणत होती, आणि तिचा नकार त्यांना विनयच वाटत होता. मी पुन्हा बोलायला तोंड उघडले, तर एकाने माझ्याच हातात नारळ ठेवला.

इतका कोरडा, इतका बिनचूक युक्तिवाद, आणि त्याची किंमत एवढीच, की मला पाहुणा म्हणून गोंजारले गेले! पोट भरलेल्या माणसाचा तर्क बहुधा उशिराच पोहोचत असावा.

सगळ्यांत शेवटी ती सून आली. तिला सगळे कळले होते, हे तिच्या नजरेत स्पष्ट दिसत होते. क्षणभर ती वसुधाकडे पाहत उभी राहिली. पाठीमागून आत्याबाईंचा आवाज आला, "वाक की गं." आणि ती वाकली.